बाटली धरणारी बाई

गडचांदूरजवळ शेतात बिथरलेल्या बैलानं माझ्या छातीत शिंग खुपसलं. गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं, तेव्हा कुठं मला श्वास घेता आला. पुढं चंद्रपूरला न्यायचं होतं. नर्सचे हात सलाईन आणि ऑक्सिजनमध्ये गुंतलेले. बाटलीतलं पाणी उलटं छातीत शिरू नये म्हणून ती छातीच्या खालीच धरायला कोणीतरी हवं होतं, आणि माझ्या घरचं कोणी पोचलं नव्हतं. खोकल्याचं औषध घ्यायला आलेली एक अनोळखी बाई रांगेतून पुढं आली.

"चाला, मी धरतो."

ती ॲम्ब्युलन्समध्ये खाली मांडी घालून बसली. खड्ड्यांत तिचा खांदा पत्र्यावर आपटायचा, पण बाटली तिनं वर येऊ दिली नाही. माझे डोळे मिटू लागले की दटावायची, "भाऊ, झोपू नका. माह्याकडे पाहा."

चंद्रपूरला डॉक्टरांनी तिला विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

मान ताठ करून ती म्हणाली, "कोनी नाई जी. गडचांदूरपासून बाटली मी धरली."

ऑपरेशननंतर मी शुद्धीवर आलो, तोवर ती बसनं परत गेली होती. आमच्याकडची माणसं कशी असतात असं कोणी विचारलं, की मी तिच्याबद्दल सांगतो.