अखंड दाढ

सोनपेठच्या एका कॉलेजातल्या छोट्या संग्रहालयाची किल्ली नऊ वर्षं सुकेशनीबाईंच्या पदराच्या गाठीला होती. पद शिपायाचं, पण गोदावरीच्या पात्रात सापडलेल्या हत्तीच्या दाढेबद्दल त्या पोरांना असं रंगून सांगत, जणू तो हत्ती त्यांच्या माहेरचाच. पेपरात विज्ञानाचं काही नवं आलं की संग्रहालय सांभाळणाऱ्या बन्सीधर सरांना गाठून दहा प्रश्न विचारत. दगड झालेल्या हाडाचंही वय काढता येतं, हे कळलं त्या दिवशी बाई घरी जायचं विसरल्या होत्या.

आता तेच अंगाशी आलं होतं.

संग्रहालयाच्या प्रदर्शनाला चार दिवस उरले होते. वय काढण्यासाठी दाढेचा चिमूटभर भुगा न्यायला पुण्याहून राजेश्री मॅडम आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी सरांसमोर पोरांना बजावलं, "आजच्या झाडाचा एक कण जरी यात मिसळला, तरी वय हजारो वर्षांनी चुकतं."

सहा वर्षांपूर्वी पुसता पुसता दाढ सुकेशनीबाईंच्या हातून निसटली आणि तिचे दोन तुकडे झाले. सर रजेवर होते. बाईंनी घरून बाभळीचा डिंक आणला, सांध्यात नदीची माती भरली आणि तोंडाला कुलूप लावलं. सर बिचारे तेव्हापासून येईल त्याला "बघा, कशी अखंड आहे" म्हणून दाखवत आले. आता तर प्रदर्शनात दाढेपुढे ठेवायच्या कार्डावरही ठळक अक्षरांत छापून आलं होतं: अखंड दाढ.

सांगावं तर किल्ली जाईल, सरांचा भरवसा जाईल. न सांगावं तर दाढेचं वय खोटं निघेल, आणि तेच खोटं पोरांना सांगत बसायचं. बाईंनी तीनदा चहाचं विचारलं. तिन्ही वेळा मॅडम नको म्हणाल्या. त्यांनी दाढ फिरवून पाहिली आणि ड्रिल नेमकं सांध्यापाशी नेलं.

बाईंनी पदराची गाठ सोडून किल्ली टेबलावर ठेवली.

"थांबा मॅडम. तिथं डिंक हाय. माज्या हातून फुटली व्हती."

मॅडमनी ओला कापूस फिरवला. माती सुटली, बारीक रेघ दिसली. "बरं झालं बोललात," त्या म्हणाल्या आणि ड्रिल दाढेच्या दुसऱ्या टोकाला नेलं.

सरांनी मात्र कार्ड ओढून 'अखंड' खोडलं. बाईंना वाटलं, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

"कधी फुटली, ताई?"

"बारा सप्टेंबर, दोन हजार एकोणीस. गुरुवार. साडेअकरा वाजले व्हते."

सरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग तारीख कार्डावर लिहिली.

"किल्ली तिथं कशाला टाकलीय?" ते म्हणाले. "संग्रहालयाला कुलूप कोण लावणार?"