सोजरबाईनं सांभाळलेली पाल

इंझोरीच्या सोजरबाईला सापाचं भय नव्हतं. सोयाबीन सोंगताना साप निघाला की बाकीच्या बाया ओरडत बांधावर पळायच्या. ही काठीनं त्याला वाट करून द्यायची आणि पुन्हा कामाला लागायची. पाल मात्र दिसली की तिच्या अंगावर काटा यायचा. मुलगा भागवत पाळण्यात असतानाच तिचा नवरा गेला. पुढं शेत कसणं, गुरं राखणं, पोर वाढवणं सगळं एकटीनं केलं, आणि त्या धबडग्यात गोड बोलायची सवय राहूनच गेली. घरात तिच्या तोंडून निघायचे ते हुकूम. "दार लाव." "गुराइले ढेप टाक." "जेवून घे."

रूपाली सून होऊन केनवडहून आली, तेव्हा तिच्याही वाट्याला हेच आलं. पोर कामसू, पण अबोल. दोघींचं कधी भांडण झालं नाही. भांडायला तरी बोलावं लागतं.

यंदा उन्हाळ्यात बियाण्याच्या पोत्यांना उंदीर लागले, म्हणून सोजरबाईनं बाजारातून चिकट पुठ्ठा आणून ठेवला. सकाळी पाहते तर उंदीर नाही, पाल अडकलेली. पाय आणि पोट डिंकात रुतलेलं, शेपटी तुटून बाजूला पडलेली. गळ्याखालची कातडी तेवढी धडधडत होती.

"भागवत, उचल हे अन् उकिरड्यावर फेक."

भागवत वाकणार तोच रूपाली मधे आली. सातवा महिना लागलेला, तरी तिथंच खाली बसली.

"जित्ती हाय ते, आई. फेकू नका."

"मंग काय पूजा करतं तिची?"

रूपाली उठून आत गेली. तिनं वाटीत गोडंतेल घेतलं, कापूस बुडवला आणि पालीच्या एकेका बोटाभोवती फिरवत राहिली. बाजूला तिचा चहा गार होऊन गेला. शेवटी पाल सुटली, पण मागचा एक पाय लुळा पडला होता. रूपालीनं तिला बिस्किटांच्या रिकाम्या बरणीत ठेवलं, आत झाडाची साल टाकली आणि तोंडाला ओढणीचं फडकं बांधलं.

चार दिवसांनी तिचा भाऊ बाळंतपणासाठी न्यायला आला. निघताना उंबऱ्याशी ती थांबली. "आई, बरणीत सांजसकाळी पानी शिंपडजा. थेंब चाटते ते. बल्बापाशी बारके पाखरं येतात, ते टाकजा. पाय बरा झाला का सोडून देजा."

"मले दुसरे कामं नाहीत काय?" सोजरबाई म्हणाली खरी. पण सुनेनं आजवर काही मागितलं नव्हतं, हे तिच्याही ध्यानात आलं.

पहिला दिवस तिनं बरणीकडं पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना नजर सारखी बरणीकडं जाऊ लागली. उठली, तोंड वाकडं करून फडकं सैल केलं आणि लांबूनच पाणी उडवलं. पाल जराशी हलली, जीभ काढून एक थेंब चाटला आणि तीच जीभ आपल्या डोळ्यावरून फिरवली.

"वं माय!" सोजरबाईला हसूच आलं. पण सांगायचं कुणाला? भागवत शेतात होता. तिनं मोबाइल उचलला.

"हॅलो. ते डोये चाटते."

"कोन, आई?"

"पाल! दुसरं कोन?"

रूपाली खळखळून हसली. सोजरबाईनं तिचं असं हसणं कधी ऐकलंच नव्हतं.

मग रोज संध्याकाळी फोन व्हायला लागला. आज दोन पाखरं खाल्ली, आज कात टाकली आणि खाऊन टाकली, शेपटीला नवा कोंब फुटला. पालीचं सांगून झालं की रूपालीचं निघायचं. झोप येत नाही, पाय सुजतात.

"डाक्टरले दाखव. अंगावर काढू नको," एकदा सोजरबाई म्हणाली, आणि थोडं थांबून पुढं बोलली, "भागवतच्या टायमाले मले माय नोती. भेव वाटे, पन इचारू कोनाले? तू इचारत जाय."

 पलीकडून रूपाली हळूच "हो" म्हणाली.

शेजारच्या मोतीबाईनं बरणी पाहून नाकाला पदर लावला. "आता पाल पोसून राह्यली काय, सोजर?"

"हो. माह्या सुनेची हाय."

पावसाळा लागला. किड्यांना तोटा उरला नाही, आणि पाल चारही पायांवर बरणीच्या आत सरसर चढू लागली. सोजरबाईनं बरणी गोठ्याच्या भिंतीला टेकवून आडवी केली. पाल जरा थबकली, मग भिंतीवरून चढत वाशामागं दिसेनाशी झाली. सोजरबाईला बरं वाटलं, पण संध्याकाळी मोबाइल हातात घेऊन ती नुसतीच बसून राहिली. आता फोन करावा तर कशाच्या निमित्तानं?

तेवढ्यात मोबाइल वाजला.

"आई, दुखून राह्यलं. दवाखान्यात निंगालो आमी. भेव वाटते."

"घाबरू नको. आलीच मी."

भागवतच्या मोटारसायकलवर मागं बसून तिनं दवाखाना गाठला, तेव्हा रूपाली कळा देत होती. सोजरबाईनं तिचा हात धरला, तो नातीचं पहिलं रडणं कानी पडेपर्यंत सोडला नाही.

सकाळी भागवत म्हणाला, "चाल आई, गुरं हायत घरी."

"तू जाय," सोजरबाई शिऱ्याची वाटी हातात घेत म्हणाली. "हिचं खानं होऊ दे. मी राह्यतो इथं दोन-चार रोज."

रूपाली उशाला टेकून बसली आणि सोजरबाईनं पुढं केलेल्या घासासाठी तिनं तोंड उघडलं.