हँडब्रेक नसलेली गाडी

आमच्या जुन्या गाडीचे मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवायचं मीच ठरवलं. गाडी पाण्यातून गेली की ड्रम भिजायचे आणि पुढची शंभर पावलं ब्रेक नीट लागायचाच नाही. दारव्ह्याच्या मिस्त्रीने काम चोख केलं. किल्ली देताना त्याने सांगितलंही, "ताई, डिस्क मस्त बसल्या. पन आता हँडब्रेक नाही. तो ड्रमवरच चालत होता. गाडी उभी केली का गिअरमध्ये टाकायची, भुलायचं नाही."

"मी काय आज शिकून राह्यली का गाडी?" मी म्हटलं.

चौथ्या दिवशी आईला घेऊन शेतावर निघाले. ती ऐंशीची, गुडघे गेलेले, मागच्या सीटवर बसली होती. नाल्याकडे उतरणाऱ्या वाटेवर बाभळीची फांदी आडवी पडलेली. मी इंजिन बंद केलं, गाडी न्यूट्रल केली, वीस वर्षांच्या सवयीने हँडब्रेकची नुसती उरलेली मूठ ओढली आणि उतरले. चाक कशाला तरी अडलं असावं, म्हणून गाडी तेवढा वेळ थांबली. फांदी बाजूला टाकून वळले, तर गाडी माझ्याकडे येत होती.

खाली तीसेक फुटांवर नाला, काठ सरळ तुटलेला. मी दाराकडे पळाले.

"अवं, तू बाहीर, मंग गाडी कोन चालवून राह्यलं?" आतून आई म्हणाली.

दार उघडून अर्धी आत पडले आणि दोन्ही हातांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. पण माझे पाय बाहेर होते, आणि ब्रेकवरचे हात काढले की गाडी जाणार होती.

"आई, तो मंधातला गिअरचा दांडा डावीकडं दाब अन् पुढं ढकल."

ती मागून वाकली. "जात नाही वं हा."

क्लच दाबायला माझ्याकडे हात उरला नव्हता. क्लचशिवाय गिअर पडायचा तर चाकं जराशी फिरायला हवीत, हे मला माहीत होतं. म्हणजे ब्रेक सोडायला हवा. माझ्याने सोडवेना.

"अवं, कायची वाट पाह्यतं?"

"जोर लावून धर," मी म्हटलं आणि केसभर सोडला. गाडी हलली. खरखर झाली, मग खट् वाजलं आणि ती थांबली.

"गेला," आई म्हणाली. "ऊठ आता. कोनी पाह्यलं त काय म्हनन?"

मी उठले नाही. कितीतरी वेळ तशीच ब्रेक दाबून पडून राहिले.