लाल आणि काळी वायर
वायरचं प्लास्टिक जळाल्याचा वास आला की सुरगाण्याचा तो उतार आठवतो. वनजमिनीच्या दाव्यासाठी एक काका सकाळपासून माझ्यासोबत त्यांच्या शेताची हद्द चालले होते, मी ती जीपीएस यंत्रावर मोजत होते आणि शेवटच्या कोपऱ्यावर यंत्राचे सेल संपले. दावा त्याच आठवड्यात द्यायचा होता, आणि काकांना पिंपळगावला द्राक्षांच्या कामाला नेणारी जीप हॉर्न देत होती. मी मोबाइलच्या चार्जरची वायर दातांनी सोलून तिने यंत्र त्याच जीपच्या बॅटरीला जोडलं. घाईत लाल-काळी उलटी लागली, धूर निघाला आणि सगळी मोजणी गेली. “ताई, गाडी पेटवता का आमची?” ड्रायव्हर ओरडला. काकांनी हळूच विचारलं, “माझं शेत आलं ना त्यात?” मी मान डोलावली. त्यांनी बंद यंत्राला हात जोडले आणि ते जीपमध्ये चढले. आता अशा केबल मी सहज बनवते. त्या दिवशी मोजणी जळाली, हे काकांना अजून सांगितलेलं नाही.