आखो दोन बोटं

शेजारच्या दगाभाऊच्या पिकअपमध्ये बसायचं म्हणजे आधी चढायचं. दार उघडलं की सीट माझ्या छातीशी. तरी हा गाडीभोवती फिरत म्हणायचा, "आखो दोन बोटं उची करनी शे, भाऊ." आणखी दोन बोटं! माझं टाळकं सरकायचं.

आधी शहाद्याच्या गॅरेजात त्याने मागच्या स्प्रिंगला जादा पाटे चढवले. गाडी उठली, पण इतकी कडक झाली की केळीचे घड व्यापाऱ्याकडे पोचेपर्यंत काळे पडायचे. त्यात माझ्याही मळ्यातले घड होते. मी तणतणलो. "केळी परत लागतीन," तो म्हणाला, "गाडी अडकनी ते काय करशी?" मग पाट्यांखाली लोखंडी ठोकळे आले. मग मोठे टायर. वळणावर ते मडगार्डला घासायला लागले, म्हणून गाडी पुढूनही उचलली. आता हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत. येणारा-जाणारा शिव्या घालायचा, आणि हा हात हलवून त्यांना रामराम करायचा!

या वेडाला कारण होतं. एका पावसाळ्यात आजारी बापाला दवाखान्यात नेताना गावाबाहेरच्या बुटक्या फरशी पुलावर, नाल्याच्या पुरात त्याची गाडी बंद पडली. बाप तिथेच गेला. हे ठाऊक असूनही मला राग यायचाच.

माझी आई गुडघ्यांनी अधू, आणि दवाखान्यात जायची ती त्याच्याच गाडीने. "दगा, हाई गाडी शे का माळा?" तिने एकदा विचारलं. दुसऱ्याच दिवशी त्याने तिच्यासाठी सुटी लोखंडी पायरी वेल्डिंग करून आणली. गाडी मात्र तसूभर खाली घेतली नाही.

गेल्या पावसाळ्यात भर दुपारी आईला धाप लागली. गाडीत घालून निघालो तर फरशीवरून गुडघाभर पाणी वाहत होतं. मनात म्हटलं, चला, या उंचीचं एकदाचं सार्थक होणार. दगाने ब्रेक दाबला आणि गाडी मागे घेतली.

"अरे घाल ना! याच्यासाठीच उचलली ना?" मी ओरडलो.

"काकी मजार शे, गाडीम्हा," एवढंच बोलून तो साखर कारखान्याच्या लांबच्या रस्त्याला लागला. मी वाटभर त्याला वाट्टेल ते बोललो. आईच्या छातीचा भाता ऐकून माझा जीव अर्धा झाला होता. पण पोचलो, आणि आई वाचली.

दवाखान्याच्या ओट्यावर मी पुन्हा उखडलो. मग एवढा उपद्व्याप कशाला केलास?

तो चिखलाच्या चपला झटकत म्हणाला, "गाडी उची करी ती मन्हा जीवले धीर देवासाठे. पानीम्हा टाकासाठे नही."

यंदा तो मुलाकडे सुरतेला राहायला गेला. पिकअप विकली. नव्या मालकाने पहिल्याच दिवशी सगळे ठोकळे काढून टाकले. पायरी तेवढी आमच्या अंगणात राहिली. आई तिच्यावर बसून मिरच्या निवडते, आणि मी येता-जाता त्या पायरीला ठेचकाळून दगाच्या नावाने खडे फोडतो. परवा तर म्हटलंच, देतो ही भंगारात.

पायरीवरून न उठता मिरचीचं देठ खुडत आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यानी त्या दिनले बिरेक दाबा, म्हनीसन मी आठे बठेल शे."