मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन

मांडवीच्या किनाऱ्यावर सकाळी फिरताना ते रोज दिसायचे. शंभरेक पावलं चालायचे, पोटरी धरून थांबायचे, समुद्राला सलाम ठोकायचे आणि पुन्हा निघायचे. बोटीवरचे निवृत्त खलाशी. नाव मी कधी विचारलं नाही.

त्यांच्या पायाचा रक्तपुरवठा आटला होता. अंगठा काळा पडून कापावा लागला. पाय तरी वाचावा म्हणून मुंबईत चाललेल्या एका संशोधनात त्यांनी भाग घेतला. निम्म्या रुग्णांना नवं औषध टोचायचं, निम्म्यांना मिठाचं पाणी; कुणाला काय, ते शेवटी सांगणार होते.

एके दिवशी ते हसत म्हणाले, "कळलं वो! मला पाणीच होतं."

"अरेरे! फसवलंच की तुम्हाला."

"फसवलं कसलं? सगळं सांगूनच सही घेतलेली. माझ्याबरोबर पूर्णगडची एक मासेवाली होती, तिला औषध मिळालं. आता बाजारात उभी राहते ती. कुणीतरी पाणी घ्यायलाच हवं होतं. माझा तर जन्मच मिठाच्या पाण्यावर गेला!"

"आणि तुमचा पाय?"

"डॉक्टर म्हणतात, चालत राहा. चालून चालून रक्ताला नव्या वाटा फुटतात."

ते निघाले. एरवी मी भराभर पुढे जायचो. त्या दिवशी त्यांच्याबरोबर थांबत थांबत चाललो.