तीतांच्या भुवया

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाई, कारण पुढे माझ्या अब्रूचा पार फालुदा होणार आहे!

अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला राहत होतो, दोन हजार चार साली. कितीतरी खटपटींनंतर मला नोकरी लागली, आणि तीन वर्षांच्या ओंकारला सांभाळायला खालच्या मजल्यावरच्या फिलिपिनो बाई तयार झाल्या. त्यांना सगळे तीता म्हणायचे, म्हणजे त्यांच्याकडची मावशी. घरात स्वतःची तीन मुलं, पण आवाज म्हणाल तर शून्य! आणि मी पडले नागपूरची. आमची आई हाक मारायची ना, तर शेजारपाजारची पोरंसुद्धा आपापल्या घरी पळायची.

पहिल्याच संध्याकाळी मी विचारलं, "ओंकार जेवला?"

तीतांनी नुसत्या भुवया उडवल्या.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे भुवया उडवल्या की काय समजायचं? "काय म्हणालीस?" असंच ना? मी जरा मोठ्यानं विचारलं. परत भुवया! तिसऱ्यांदा अशी ओरडले की वरून माझा नवरा मकरंद धावत खाली आला.

मग रोज तेच. "झोपला?" भुवया. "शी केली?" भुवया! माझा घसा बसला.

"मकरंद, अरे बाईंना ऐकूच येत नाही!" मी म्हटलं. "पोरगं रडलं तर कळणार कसं?"

"उगाच काहीतरी! टेस्ट करून बघ आधी."

केली ना टेस्ट! त्यांच्या किचनमध्ये, त्यांच्या पाठीमागे, मुद्दाम स्टीलचं ताट पाडलं. ओंकार दचकला, मी स्वतः दचकले, तीता आपल्या शांतपणे भात वाढतायत!

माझ्या तर काळजाचं पाणीच झालं. गेली नोकरी खड्ड्यात, म्हटलं, आणि तडक त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडले, "तुम्हाला! ऐकू! येत नाही! उद्यापासून! ओंकार! येणार नाही!"

तीतांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांची मोठी मुलगी जॉय मात्र खुदकन हसली. "आंटी, मॉमला मस्त ऐकू येतं. भुवया उडवल्या म्हणजे 'हो'!"

"आणि... ते ताट?"

आता तीताही हसायला लागल्या. "आम्ही नऊ भावंडं एका खोलीत वाढलो. कुणी ना कुणी झोपलेलं असायचंच, म्हणून आजी सगळा कारभार भुवयांवर चालवायची. आणि भांडं पडलं की मागे वळायचं नाही. जो वळेल त्यानं उचलायचं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! "मग इतके दिवस मला सांगितलं का नाही?"

जॉय चाचरली. "आम्हाला वाटलं... तुम्हालाच ऐकू येत नाही. आमची पणजी बहिरी झाल्यावर अशीच ओरडायची. रोज जेवायच्या आधी आम्ही सगळे तुमच्या कानांसाठी प्रार्थना करतो."

"सगळे?" मी गर्रकन ओंकारकडे वळले. "काय रे, तूसुद्धा?"

पठ्ठ्यानं भाताचा घास गिळला आणि शांतपणे दोन्ही भुवया वर उडवल्या.

ते मात्र मला लख्ख ऐकू आलं!